ईदची सुट्टी कोणाच्या कागदावर? मुस्लिम सणांच्या सार्वजनिक सुट्ट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून चार वेळा, बहुतेक रात्री नऊनंतर, फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस नावही न सांगता विचारतो, "उद्या आहे ना?" उद्या म्हणजे ईद, आणि 'आहे ना' म्हणजे सुट्टी. एका पतसंस्थेच्या आस्थापना विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे वळतात. जानेवारीत सुट्ट्यांची यादी फलकावर लावताना आमच्याकडे एक रिवाज होता: सगळ्या तारखा पेनाने, चार तारखा पेन्सिलीने. त्या चार तारखांबद्दल लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्राची, जिथे गरज पडली तिथे बाहेरची.

१. ईदची सुट्टी कायद्यात लिहिलेली आहे का?

नाही. पण हे ऐकून कोणी खूश किंवा नाराज होण्याआधी पुढचं वाक्यही ऐका: दिवाळीची सुट्टीही कायद्यात लिहिलेली नाही.

सार्वजनिक सुट्टीचा कायदेशीर पाया आहे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. नाव जड आहे. खरं तर हा हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेकचा कायदा; चेक बाउन्स झाला की ज्याचं कलम १३८ आठवतं, तोच. त्याच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात 'सार्वजनिक सुट्टी' म्हणजे काय ते सांगितलं आहे: रविवार, आणि सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर करील तो कोणताही दिवस. बस, एवढंच.

१८८१ साली मात्र या कलमात नावं होती. नवीन वर्षाचा पहिला दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे. राज्य कोणाचं होतं ते त्यावरून कळतं. १९५५ च्या दुरुस्तीने ती नावं काढून टाकली. तेव्हापासून कलमात रविवार सोडला तर कोणत्याच दिवसाचं नाव नाही. ईद, गुढीपाडवा, नाताळ, बुद्ध पौर्णिमा हे सगळे सण अधिसूचनेच्या एकाच दारातून आत येतात. 'ईदला कायद्याची मान्यता आहे का' या प्रश्नाचं उत्तर म्हणून इतकंच: पाडव्याला आहे तेवढी, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

२. महाराष्ट्रात मुस्लिम सणांच्या सुट्ट्या किती आणि त्या जाहीर कोण करतं?

चार. रमझान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद.

कलम २५ खालचा अधिकार मुळात केंद्राचा, पण केंद्राने तो राज्यांकडे सोपवला आहे. महाराष्ट्राच्या अधिसूचनेच्या पहिल्याच वाक्यात केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेचा हवाला येतो तो त्यासाठीच. राज्यात हे काम सामान्य प्रशासन विभागाकडे आहे. पुढच्या वर्षाची यादी आदल्या वर्षाच्या अखेरीस राजपत्रात येते.

तो कागद एकदा नीट बघा, मजेशीर आहे. एका ओळीत तीन कालगणना नांदतात. २०२५ च्या यादीत रमझान ईदसमोर इंग्रजी तारीख ३१ मार्च, भारतीय सौर दिनांक १० चैत्र, शके १९४७, आणि सणाच्या नावाला लागून कंसात शव्वाल या इस्लामी महिन्याची पहिली तारीख. चैत्र आणि शव्वाल एकाच ओळीत छापायला सरकारी मुद्रणालयाला कधी अडचण आल्याचं ऐकिवात नाही.

३. केंद्र सरकारच्या कार्यालयांना हीच यादी लागू होते का? आणि ईद 'राष्ट्रीय सुट्टी' आहे का?

केंद्राची यादी वेगळी. ती कार्मिक मंत्रालयाकडून निघते. त्यात देशभरच्या केंद्रीय कार्यालयांना बंधनकारक अशा १४ सुट्ट्या असतात, आणि वर उल्लेखलेले चारही मुस्लिम सण त्या १४ मध्ये आहेत. त्याशिवाय दिल्लीबाहेरची कार्यालयं १२ सणांच्या दुसऱ्या यादीतून तीन दिवस निवडतात. आपल्या लोकांना इथे धक्का बसतो: गणेश चतुर्थी आणि गुढीपाडवा त्या १४ मध्ये नाहीत, या १२ मध्ये आहेत. आयकर कार्यालयात नवीन लागलेला माणूस पहिल्या वर्षी हे वाचून दोनदा चष्मा पुसतो. होळी, रथयात्रा, ओणम, पोंगल हेही तिथेच आहेत, कारण हे सण प्रांतागणिक बदलतात आणि निवड स्थानिक समितीवर सोपवलेली आहे.

राष्ट्रीय सुट्टी म्हणाल तर तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कोणत्याही धर्माचा कोणताही सण त्यात येत नाही.

४. ईद-ए-मिलादची सुट्टी पूर्वीपासून आहे का?

केंद्राच्या पातळीवर तिचा जन्म चांगला लक्षात राहण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी लाल किल्ल्यावरून पैगंबर जयंतीची सुट्टी जाहीर केली. मंडल आयोगाची घोषणा होऊन तेव्हा आठवडाच झाला होता, त्यामुळे त्या भाषणावर राजकीय चर्चा भरपूर झाली. सुट्टी मात्र टिकली.

गंमत म्हणजे सौदी अरेबियात मिलादची सरकारी सुट्टी नसते. तिथल्या धर्मपंडितांच्या मते जयंती साजरी करणंच योग्य नाही. म्हणजे जेद्दाहमध्ये नोकरी करणारा रत्नागिरीचा माणूस त्या दिवशी कामावर असतो आणि गावातला त्याचा भाऊ जुलूसमध्ये.

५. मोहरमची सुट्टी इस्लामी नववर्षाची असते ना? मग शुभेच्छा द्याव्यात का?

नववर्ष मोहरम महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. सुट्टी असते दहाव्या तारखेची, म्हणजे आशुराची. करबलाच्या लढाईत इमाम हुसैन शहीद झाले तो दिवस. 'हॅपी मोहरम'चे निरोप दर वर्षी फिरतात आणि दर वर्षी कोणीतरी अवघडतं. शिया घरांत हा शोकाचा दिवस आहे.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत पाहायला लोक लांबून येतात, आणि ते उचलण्याचे, बांधण्याचे मान हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांकडे चालत आले आहेत. तिथल्या माणसाला 'ही सुट्टी कोणाची' असं विचारलं तर तो तुमच्याकडेच विचित्र नजरेने बघेल.

६. सरकार तारीख छापतं आणि नंतर ती बदलते. आधीच नीट का काढत नाहीत?

गणित नीटच काढलेलं असतं. अडचण वेगळी आहे. हिजरी, म्हणजे इस्लामी, महिना डोळ्यांनी चंद्र दिसल्यावर सुरू होतो, पंचांगात लिहिलंय म्हणून नाही. महिन्याच्या २९ तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर दिसली तर नवा महिना लागला. नाही दिसली तर चालू महिना ३० चा. ढग असले, क्षितिजावर धूर असला, कोर फार बारीक असली, तर तारीख एका दिवसाने पुढे जाते.

पण चारही सणांना हा प्रश्न सारखा नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. रमझान ईद ही शव्वालची पहिली तारीख. चंद्र आज संध्याकाळी दिसला तर ईद उद्या सकाळी. बकरी ईद मात्र जिलहज महिन्याची दहावी, आशुरा मोहरमची दहावी आणि मिलाद रबीउल अव्वलची बारावी. त्यांचा चंद्र दहा-बारा दिवस आधीच दिसून गेलेला असतो. म्हणजे 'उद्या आहे का' हा रात्री नऊचा खरा प्रश्न वर्षातून एकदाच पडतो. उरलेल्या तीन तारखा खोडायला आठवडाभर मिळतो, फोन मात्र तिन्हींच्या आदल्या रात्रीही येतात.

७. चंद्र दिसल्याची घोषणा झाली की सरकारी सुट्टी आपोआप हलते का?

हलत नाही. मुंबईत जामा मशिदीत हिलाल समिती बसते, ठिकठिकाणच्या साक्षी तपासते आणि निर्णय देते. त्या निर्णयाने नमाज कधी ते ठरतं. सुट्टी कधी ते ठरायला सरकारचा कागद लागतो. जुनी तारीख रद्द आणि नवी जाहीर, अशी दुरुस्ती राजपत्रात यावी लागते. ती आली नाही तर छापील तारीख कायम.

केंद्राच्या कार्यालयांसाठी थोडी सोय आहे. दिल्लीबाहेर स्थानिक समन्वय समिती राज्य सरकारचा निर्णय पाहून या चार सणांची तारीख बदलू शकते. ऐन वेळी बदल झाला तर आकाशवाणी, दूरदर्शन, वृत्तपत्रं यांतून आलेल्या घोषणेवर विभागप्रमुखांनी कार्यवाही करावी, लेखी आदेशाची वाट पाहू नये, असंही त्या आदेशात म्हटलेलं असतं. व्हॉट्सॅप त्या यादीत नाही.

८. २०२३ च्या बकरी ईदला शेअर बाजाराची सुट्टीसुद्धा बदलली होती. ते कसं?

तारीख बदलली की काय काय हलतं, याचा चांगला नमुना आहे हा. छापील यादीत बकरी ईद २८ जून २०२३ ला होती. प्रत्यक्षात ती २९ ला आली. महाराष्ट्र सरकारने सुट्टी २८ ची रद्द करून २९ ला केली. देशाचा पैशांचा बाजार मुंबईत, त्यामुळे शेअर बाजारांनी आपली सुट्टी हलवली आणि रिझर्व्ह बँकेला सरकारी रोख्यांचे व्यवहार पूर्ण करण्याच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. एक बारीक कोर दिसण्यावरून हे सगळं. कलम २५ हुंडीच्या कायद्यात का बसलंय ते अशा वेळी कळतं.

त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिम मंडळींनी त्या दिवशी कुर्बानी न देता ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्यायचं ठरवलं. कुर्बानीला तीन दिवस चालतात, त्यामुळे धर्माच्या चौकटीतच ते बसत होतं. सरकारी आदेश त्यासाठी लागला नाही.

९. ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबईत वेगळ्या दिवशी का असते?

नेहमी नसते. पण सलग तीन वर्षं मिलाद आणि गणेश विसर्जन एकमेकांच्या अंगावर आले. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ ला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मिलाद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला. मुंबईत सुट्टी १८ ला गेली. २०२५ मध्ये मिलाद ५ ला, विसर्जन ६ ला. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी ८ सप्टेंबरला केली, बाकी राज्यात ५ चीच ठेवली.

म्हणजे इथे चंद्राचा काही संबंध नव्हता. सण ठरल्या दिवशीच झाला. हलला तो जुलूस, आणि त्याच्यामागून सुट्टी. दोन्ही मिरवणुका रस्त्यावर एकत्र नकोत एवढा साधा हिशेब, पोलिसांचाही आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांचाही.

१०. मी डोंबिवलीत राहतो, ऑफिस फोर्टला. मग २०२५ मध्ये माझी सुट्टी ५ ला होती की ८ ला?

८ ला. सुट्टी कार्यालयाच्या पत्त्यावर ठरते, घराच्या नाही. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे मुलांची शाळा ५ ला बंद आणि तुमचं ऑफिस ८ ला बंद, असं झालं असणार. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनांपैकी निम्मे याच घरातले वाटावेत असे होते.

११. सुट्टी रविवारी आली तर सोमवारी मिळते का?

नाही. २०२५ मध्ये मोहरम ६ जुलैला रविवारी आला आणि '७ ला सुट्टी' असे निरोप धो धो फिरले. बदली सुट्टी देणारा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. सोमवार मिळायचा तर चंद्रामुळे सणच सोमवारी जायला हवा आणि तशी दुरुस्तीही निघायला हवी (प्र. ७). त्या रविवारी आषाढी एकादशीही होती. एकाच रविवारी दोन सण गेले म्हणून हळहळणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे कारकून होते. १८८१ च्या मूळ कलमात मात्र नवीन वर्ष किंवा नाताळ रविवारी आला तर पुढचा सोमवार द्यायची सोय होती. तीही १९५५ मध्ये गेली.

१२. आम्ही दाऊदी बोहरा. आमची ईद सरकारी सुट्टीच्या आदल्या दिवशी येते. मग सुट्टी कशी मागायची?

बोहरा समाज गणिताने बांधलेली फातिमी दिनदर्शिका पाळतो. चंद्र दिसण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे त्यांची तारीख वर्षभर आधी पक्की असते, पण ती बहुतेक वेळा सरकारी सुट्टीच्या एक-दोन दिवस आधी पडते. पेन्सिलीची गरज नसलेल्या या एकाच समाजाला सरकारी सुट्टी चुकते, हा विरोधाभास मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. ज्याला रजा भरावी लागते त्याला अर्थातच वाटत नाही.

त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक सुट्टी नाही. किरकोळ रजा घ्यावी लागते. तारीख आधी ठाऊक असल्यामुळे अर्ज महिनाभर आधी द्या, कोणी अडवत नाही. मिलादच्या बाबतीत असंच काहीसं बारा इमाम मानणाऱ्या शियांचं होतं: ते पैगंबरांचा जन्मदिवस रबीउल अव्वलच्या सतराव्या तारखेला मानतात, सुट्टी असते बाराव्या तारखेची.

१३. खासगी कंपनीला ईदची सुट्टी देणं बंधनकारक आहे का?

थेट नाही. राजपत्रातली यादी सरकारी कार्यालयांना लागू असते. खासगी आस्थापनेचा कायदा वेगळा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा आधी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता; २०२५ च्या दुरुस्तीनंतर ती संख्या वीस झाली. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार सणांच्या. ते चार सण कोणते, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचं.

म्हणजे ईद त्या चारांत यायची तर कोणीतरी डिसेंबरात बोलायला हवं. मार्चमध्ये भांडून उपयोग नसतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांच्या पेठेत ईद वगळून यादी करायचं कोणाच्या मनातही येणार नाही. पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीत ती सुटून जाऊ शकते, आणि ज्याने बैठकीत तोंड उघडलं नाही त्याला नंतर वाईट वाटतं. याच कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजाही आहेत. बऱ्याच कंपन्या आता 'हे दहा सण, यातले कोणतेही दोन तुम्ही निवडा' असं करतात. केंद्र सरकारचे कर्मचारीही वैकल्पिक यादीतून (ती प्र. ३ मधल्या १२ सणांहून वेगळी) दोन दिवस असेच निवडतात.

१४. बँका ईदला बंद असतात, तरी माझा हप्ता कापला गेला. तक्रार करू का?

करू नका, पैसे खात्यात ठेवा. सुट्टी बँकेच्या शाखेला असते, यंत्रणेला नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून, आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, आणि हप्ते कापणारी 'नाच' (NACH) यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. 'उद्या ईद आहे, परवा भरू' हा हिशेब तेव्हापासून मोडला.

आणि सुट्टी जाहीर असली म्हणून शाखा बंदच असेल असंही नाही. २०२५ मध्ये रमझान ईद ३१ मार्चला आली, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार सांभाळणाऱ्या बँकांना त्या दिवशी उघडं राहायला सांगितलं. शीरखुर्म्याचा डबा घेऊन काउंटरवर बसलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

१५. मुदतीचा शेवटचा दिवस ईदला आला तर?

हा खरा फसवा प्रश्न, कारण याची दोन उलटी उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीला भरत असेल, तर कलम २५ प्रमाणे ती *आदल्या* कामकाजाच्या दिवशी भरली असं धरतात. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात काही दाखल करायचं असेल आणि शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर *पुढच्या* उघड्या दिवशी दाखल केलेलं चालतं. मुदत अधिनियमाचं कलम ४ आणि साधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम १० तसं सांगतं. एक मागे जातो, दुसरा पुढे. पैसे द्यायचे असतील तर लवकर आणि कागद द्यायचा असेल तर उशिरा, असं लक्षात ठेवा. चेकची तीन महिन्यांची वैधता वेगळीच बाब, तिला यातलं काही लावू नका. सुट्टीच्या आधीच चेक भरून मोकळे व्हा.

१६. शब-ए-बरात, रमझानचा शेवटचा शुक्रवार, शुक्रवारची नमाज यांना सुट्टी मिळते का?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत यांतलं काही नाही. रमझानचा शेवटचा शुक्रवार, म्हणजे जुमातुल विदा, केंद्राच्या वैकल्पिक यादीत आहे. रमझानमध्ये लवकर घरी जाऊ देण्याची प्रथा राज्याराज्यांत वेगळी: तेलंगणाने २०२५ मध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना दुपारी चारला निघायची मुभा दिली होती. आसाम विधानसभेत शुक्रवारी नमाजसाठी कामकाज दोन तास थांबायचं, ती १९३७ पासूनची पद्धत २०२४ मध्ये बंद केली. या सगळ्या सवलती आहेत, कलम २५ खालच्या सुट्ट्या नव्हेत.

शाळांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: राज्यात शाळांच्या वर्षभरच्या सुट्ट्या ७६ च्या आत बसवाव्या लागतात. काही दिवस मुख्याध्यापकांच्या अधिकारात असतात, आणि गावात उरूस असेल तर ते तिथे खर्च होतात.

१७. सरकार ईदची सुट्टी काढून घेऊ शकतं का? कोर्टात जाता येईल?

काढून घेऊ शकतं. ज्या कागदाने दिली त्याच जातीच्या कागदाने. उत्तर प्रदेशने २०१७ मध्ये एका झटक्यात १५ सार्वजनिक सुट्ट्या रद्द केल्या. त्यात जुमातुल विदाही होता, आणि नेत्यांच्या जयंत्याही. हरियाणाने २०२५ च्या रमझान ईदला सार्वजनिकऐवजी वैकल्पिक सुट्टी केली, कारण दिलं आर्थिक वर्षअखेरचं (प्र. १४ मधलाच तो ३१ मार्च).

कोर्टाचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीतल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कोणाचाही कायद्याने बजावता येणारा हक्क नाही. त्या प्रकरणात मुद्दा २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाचा होता, सणाचा नव्हता, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडतं. आपल्याकडे सुट्ट्या जरा जास्तच झाल्या आहेत अशी टिप्पणीही न्यायमूर्तींनी जाता जाता केली. उलट बाजूने, २२ जानेवारी २०२४ ला राज्याने अयोध्येतल्या सोहळ्यासाठी दिलेल्या सुट्टीला विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी आव्हान दिलं, तेही फेटाळलं गेलं. सुट्टी देणं आणि न देणं, दोन्ही सरकारच्या धोरणाचा भाग. कोर्ट सहसा हात घालत नाही.

माझं मत विचाराल तर सुट्टी जाईल याची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही. त्रास होतो तो ऐन वेळच्या बदलाने.

१८. एका वर्षात दोन रमझान ईद येऊ शकतात का? मग दोन सुट्ट्या?

येतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००० साली रमझान ईद जानेवारीत झाली आणि पुन्हा डिसेंबरात. २०१५ मध्ये मिलाद जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी. यादी वर्षाची असते, सण जितक्यांदा त्या वर्षात येईल तितक्यांदा त्यात लिहिला जातो.

१९. परदेशातल्या मराठी माणसांचं काय?

आखातात ईदची सुट्टी एका दिवसाची नसते, तीन-चार दिवस चालते. तारीख बऱ्याचदा भारताच्या एक दिवस आधी येते: २०२५ मध्ये दुबईत ३० मार्च, मुंबईत ३१. दुबईहून आलेला 'ईद मुबारक' पाहून इथे रजा टाकू नका.

मॉरिशसमध्ये ईद-उल-फित्र आणि गणेश चतुर्थी दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या आहेत. तिथल्या मराठी घरांना दोन्ही मिळतात. अमेरिकेत केंद्रीय सुट्ट्यांत एकही ईद नाही, पण न्यूयॉर्क शहराने २०१५ पासून सरकारी शाळांना दोन्ही ईदना सुट्टी दिली. ब्रिटनमध्ये ईदची बँक हॉलिडे नाही, आपली रजा वापरायची.

२०. फिरत आलेला सुट्टीचा कागद खरा की खोटा, कसं ओळखायचं?

आधी विभागाचं नाव बघा: सामान्य प्रशासन विभाग. मग तारीख, वर्षासकट. निम्मे निरोप मागच्या वर्षीचे खरे कागद असतात. मग कागद कोणत्या जिल्ह्यांपुरता आहे ते वाचा, कारण मुंबईचा कागद नाशिकला फिरतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा असेल तर ती स्थानिक सुट्टी. जिल्हाधिकारी वर्षाला अशा तीन देऊ शकतात आणि त्या बँकांना लागू नसतात. शासन निर्णय किंवा परिपत्रक असेल तर खाली संकेतांक असतो, तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. दोन मिनिटं लागतात.

२१. आमच्या संस्थेची यादी करताना या चार तारखा कशा लिहाव्यात?

राजपत्रातली तारीख लिहा, शेजारी 'चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो' असं लिहा, आणि शाखा मुंबईत व मुंबईबाहेर अशा दोन्हीकडे असतील तर मिलादसमोर दोन रकाने ठेवा. संगणकावर यादी केली तरी फलकावर लावायच्या प्रतीत या चार जागा कोऱ्या सोडून हाताने भरलेल्या बऱ्या. एचबी पेन्सिल घ्या. टूबी पुसट होते आणि जूनपर्यंत कोणालाच वाचता येत नाही.